सरुबाईचा पण

सिल्वासाजवळच्या सामरवरणीत भगवंतच्या चाळीत राहणाऱ्या सरुबाईनं अकरा वर्षं 'पण' हा शब्द तोंडातून काढला नाही. ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल. वाटू दे. चाळीतल्या कुठल्याही बाईला विचारा. "वांगी कवळी व्हती, जरा जळाली." "मानूस भला हाये, ऐकू कमी येते." सरुबाई बोलायची ती अशी. दोन वाक्यांच्या मधे आपण सगळे तो शब्द घालतो, तिथं ती नुसता श्वास घ्यायची. 'मी पण येते' म्हणायची वेळ आली तर 'मी बी येते' हे तिच्या खानदेशातलंच होतं, त्यामुळे तिथं काही अडत नव्हतं. अडत होतं ते दुसऱ्या 'पण'पाशी. तो तिनं एका बाईसाठी राखून ठेवला होता, आणि ती बाई भिंतीपलीकडे राहत होती.

तिचं नाव मंगलाबाई. नवरा नारायण कचेरीत कारकून, मूळचे राजापूरकडचे. 'येत्या दिवाळीला सरकारी क्वार्टर मिळणार' असं म्हणत ते चाळीत आले आणि पुढच्या प्रत्येक दिवाळीला तेच म्हणत राहिले. सरुबाईचा नवरा नथू तारेच्या कंपनीत मशीनवर होता, साक्रीकडून आलेला. चाळ आठ खोल्यांची, पुढं एकच लांब ओटा. भगवंत मालकाच्या विटा कमी पडल्या की मन कमी पडलं कोण जाणे, खोल्यांमधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचल्याच नाहीत. वर हातभर फट तशीच राहिली. त्यामुळे एका घरातली फोडणी दुसऱ्या घराला शिंकायला लावायची, आणि कुजबुज म्हणून केलेलं बोलणं शेजारच्याला शब्दन् शब्द पोचायचं.

आधी दोघींचं छान होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण परक्या माणसाचा असा राग येत नाही. इकडून भरीत आणि कळण्याची भाकरी जायची, तिकडून घावणे आणि सोलकढी यायची. मंगलाबाईंची अमृता तेव्हा दहा वर्षांची, तिचं एक वेळचं जेवण सरुबाईकडेच व्हायचं. मंगलाबाई शिकलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या. सरुबाईला त्यांचं कौतुक वाटायचं. त्यांना ती मंगलाताई म्हणायची.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सरुबाईच्या दुर्गाला स्थळ आलं. दुर्गा एकोणीस वर्षांची. मुलगा नंदुरबारचा, एसटीत कंडक्टर. नथूचा चुलतभाऊ झुंबर मध्यस्थ होता. मुलाचा काका मुलीची चौकशी करायला सिल्वासात येणार असं त्यानं कळवलं. गावाकडे असतं तर भाऊबंद होते, मास्तर होते, अख्खी आळी होती. इथं सगळेच कुठून कुठून पोट भरायला आलेले, कोण कुणाला ओळखतं! तुमच्याबद्दल सांगायला एकच माणूस, भिंतीला भिंत लागलेला शेजारी. सरुबाईला त्याचा आनंदच होता. इतका, की पाहुणे यायच्या दिवशी ती घराला कुलूप घालून दुर्गाला घेऊन बाजारात निघून गेली. म्हणजे पाहुण्यांना शेजारी विचारावंच लागेल, आणि मंगलाताई आपल्या छान भाषेत सगळं सांगतील. हे डोकं तिनं स्वतः चालवलं होतं, आणि पुढं त्याचा तिला सगळ्यात जास्त संताप यायचा.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. यंदा कर्तव्य नाही. त्यामागोमाग झुंबर आला, आणि ओट्यावर बसून त्यानं मान हलवली.

"वयनी, शेजारनीनं घात केला. म्हने, पोरगी चांगली हाये, पन..."

"पन काय?"

"पनच. फुडं काही नाही. उठून आत गेली. मुलाचा काका म्हने, शहान्या मानसानं समजून घ्यावं."

'पन काय?' हा सरुबाईच्या तोंडून निघालेला शेवटचा पण.

मंगलाबाईंनी वाक्य अर्धं टाकलं आणि लोकांनी ते आपापल्या मनानं पुरं केलं. कुणी म्हणालं, पोरीला फेफरं येतं. कुणी म्हणालं, कंपनीतल्या ड्रायव्हरबरोबर काही आहे. दिवाळीपर्यंत नंदुरबारात दुर्गाला तीन आजार आणि दोन यार झाले होते, आणि पोरगी बिचारी इकडे ओट्यावर बसून गहू निवडत होती. पुढं दोन स्थळं आली, दोन्ही चौकशीतच फिरली. शेवटी चोविसाव्या वर्षी तिला शिरपूरकडच्या बिजवराला दिली, पहिलीची दोन मुलं असलेल्याला.

झुंबर आला त्याच दिवशी सरुबाईनं पण केला होता. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले, त्याला माझा इलाज नाही. हा शब्द आता वापरायचा नाही. वापरायचा तो एकदाच, अमृताच्या चौकशीला पाहुणे येतील तेव्हा.

ती भांडायला गेली नाही. नथू म्हणाला, जा, विचार तरी. ती गेली नाही. चाळीतलं भांडण दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी कुणाकडे तरी बारसं असतं आणि दोघी एकाच परातीत कणीक मळत बसतात. तिला समेट नको होता. तिला दहा वर्षांची अमृता वीस वर्षांची व्हायला हवी होती. तोवर ती मंगलाबाईंशी हसून बोलली, हळदीकुंकवाला गेली. फक्त 'मंगलाताई'चं 'अहो' झालं, आणि ते मंगलाबाईंच्या लक्षातही आलं नाही. हेही तिच्या जिव्हारी लागलं. माझ्या पोरीचं वाटोळं केलं आणि हिला पत्ता नाही!

भांडी घासताना ती वाक्याचा सराव करायची. "पोरगी चांगली हाये," इथं थांबायची, तोंड मिटायची, आणि पुढचा शब्द गिळायची. त्या दिवसासाठी.

दुर्गा माहेरपणाला आली की म्हणायची, "आई, सोड ना आता. मले आठवत बी नाही. पोरं मलेच आई म्हनतात, अजून काय पाहिजे?"

"तुले आठवत नसंन. मले आठवते," सरुबाई म्हणायची. लेकीनं माफ केलं म्हणून आईनं करावं, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. आणि एक गोष्ट तिला जमली नाही, अमृताचा राग करणं. तिनं पुष्कळ प्रयत्न केला. ती पोरगी यायची, मावशी म्हणत डब्यातली शेव काढून खायची आणि पसरलेलं धान्य न सांगता भरून ठेवायची.

पंचाण्णवच्या फाल्गुनात, दुपारी चारच्या सुमाराला, एक अनोळखी म्हातारी ओट्यावर आली. नऊवारी पातळ, हातात छत्री. पाणी मागितलं, मग बसली, मग म्हणाली, "इथं नारायणराव म्हणून कोण राहतात हो?" पत्ता विचारत आलेली बाई नेमकी शेजारच्याच ओट्यावर टेकते ती मुलीच्या चौकशीलाच, हे सरुबाईला कुणी समजावून सांगायला नको होतं. म्हातारीचं नाव आक्काबाई, पालघरच्या एका शिक्षक मुलाची आत्या. सरुबाईनं तिला आत नेलं, चहा ठेवला.

"तुम्ही कधीपासनं शेजारी?"

"बारा वर्सं."

"मग तुम्हालाच विचारते. मुलगी कशी आहे?"

सरुबाईनं पदर सारखा केला. अकरा वर्षांचा सराव होता, आवाज जराही कापला नाही.

"पोरगी चांगली हाये," ती म्हणाली, आणि थांबली.

तेवढ्यात भिंतीपलीकडचा स्टो बंद झाला.

भरभरणारा स्टो असा अचानक गप्प झाला की चाळीला कळतं, कुणीतरी कान दिला आहे. सरुबाईनं वर फटीकडे पाहिलं. मंगलाबाई तिथं उभ्या होत्या, दिसत नव्हत्या, पण होत्या. श्वास रोखून. आणि सरुबाईच्या एकदम ध्यानात आलं, की हा शब्द आपण या छत्रीवाल्या बाईला देऊन टाकला तर ती तो पालघरला घेऊन जाईल. तिथले लोक वाक्य पुरं करतील, अमृताला तीन आजार होतील, मंगलाबाई चार महिने रडतील आणि दुसरं स्थळ बघतील. आणि अमृता ओट्यावर बसून गहू निवडेल. ज्या बाईसाठी शब्द राखला तिच्या वाट्याला त्यातलं किती येणार? नाही. ज्याचं त्यालाच मिळालं पाहिजे, पुरतं.

"चला, तुमाले रिक्षापर्यंत सोडते," ती मोठ्यानं म्हणाली, मुद्दाम, फटीतून जाईल इतक्या मोठ्यानं. "हितं बोलनं बरं नाही."

पलीकडे काहीतरी भांडं पडलं.

हापशीपाशी उभं राहून सरुबाईनं आक्काबाईंना सगळं सांगितलं, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. "मी टायफाईडनं पडले तवा पंधरा दिवस माझं पानी या पोरीनं भरलं. टायपिंग शिकली हाये. रागीट हाये जराशी, दोन घटकेत इसरते. तोंडाची खरी. डोळे मिटून न्या." आक्काबाईंनी तिचा हात हातात घेतला, म्हणाल्या, असे शेजारी मिळायला भाग्य लागतं.

दिवेलागणीला मंगलाबाई आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या सरुबाईच्या उंबऱ्यात अशा उभ्या राहिल्या, आत या म्हणण्याची वाट बघत. सरुबाई म्हणाली नाही.

"सरुबाई, त्या बाई... अमूसाठी आल्या होत्या ना?"

"हो."

"काय सांगितलंत तुम्ही?"

सरुबाई तांदळातले खडे काढत होती. तिनं मान वर केली नाही. "माझ्या दुर्गाच्या टायमाले तुमी काय सांगतलं व्हतं?"

मंगलाबाईंना आठवायला वेळ लागला. मग चेहरा उतरला. आठवलं ते त्यांनी लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

"अहो, मी चांगलंच सांगत होते! मुलगी चांगली आहे, पण शाळा मात्र सातवीतच सोडली, एवढंच म्हणणार होते. तेवढ्यात दूध उतू गेलं. मी आत धावले."

"दूध."

"देवाशप्पथ."

"मंग भाईर आल्यावर का नाही सांगतलं फुडचं?"

"त्यांनी परत विचारलं नाही. चहा झाला, गाडीची वेळ झाली होती त्यांची... माझ्या डोक्यातनं गेलं, सरुबाई."

सरुबाईचा हात तांदळात तसाच राहिला. भानामती नाही, दावा नाही, पोटदुखी नाही. दूध! एखाद्या दुष्ट बाईनं जाणूनबुजून घाव घातला असता तर तिला निदान शत्रू तरी मिळाला असता. या बाईच्या तर डोक्यातनं गेलं होतं. राग निवेल म्हणून कुणी वाट बघत असेल तर सांगते, निवला नाही. दुप्पट झाला.

"सांगा ना हो, काय बोललात? पाया पडते तुमच्या."

"चांगलंच बोलले मी," सरुबाई म्हणाली. सूप खाली ठेवलं. मंगलाबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं तोंड उघडलं, आणि अकरा वर्षांचा शब्द अगदी सावकाश बाहेर आला.

"पन..."

आणि ती उठून आत गेली. आत स्टोवर काहीही नव्हतं.

पालघरहून पत्र यायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत मंगलाबाई अर्ध्या झाल्या. पोस्टमनची सायकल वाजली की त्या ओट्यावर, नळावर बायका हसल्या की त्यांची घागर तिथंच. दोनदा त्या सरुबाईकडे पुरणपोळ्या घेऊन आल्या, सरुबाईनं दोन्ही वेळा ताट ठेवून घेतलं आणि दार लोटलं. एकदा अमृता आली. "मावशी, आई रात्रभर जागी असते. तुम्ही खरंच काही बोललात का?" सरुबाईला तेवढं मात्र लागलं. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझं चांगलंच व्हईन," ती म्हणाली. अमृतानं ते जाऊन आईला सांगितलं, आणि मंगलाबाईंनी 'होईल' म्हणजे कुठं, दुसऱ्या घरी का, असा विचार करून आणखी एक रात्र काढली.

पत्रात होकार होता. वैशाखात लग्न झालं. मंगलाबाईंनी सरुबाईला साडी दिली, मांडवात पुढच्या रांगेत बसवलं. आक्काबाईंनी चारचौघांत सांगितलं, या शेजारणीनं मुलीची बाजू फार छान मांडली. मंगलाबाईंनी ते ऐकलं, हसल्या, आणि सरुबाईकडे बघून त्यांचं हसू मधेच थांबलं. मग तो 'पन' कसला होता? आक्काबाईंना सांगितलेलं नाही, असं आणखी काय आहे? पुढं कधी बाहेर येणार? विचारायचं कुणाला?

सरुबाईला आता शब्द मोकळा झाला होता. लग्नानंतर आठवड्याभरात दुर्गा पोरांना घेऊन आली. जेवताना सरुबाई सहज म्हणाली, "भाजी झाली चांगली, पन मीठ कमी हाये."

दुर्गाचा घास हातात राहिला. "आई! तू पन म्हनाली!" आणि ती पोट धरधरून हसायला लागली.

सरुबाई नाही हसली. ती वर फटीकडे बघत होती. पलीकडे तळणीतला झारा थांबला होता.