सरूबाईच्या हातावरची होडी

मढच्या कोळीवाड्यात सरूबाईच्या टोपलीला न विचारता कोणी हात लावत नसे. शिव्या द्यायला ती कधी कचरली नाही आणि माफी तिने आयुष्यात कोणाची मागितली नाही. पण तिच्या उजव्या हातावरच्या होडीबद्दल कोणी विचारलं, की ती मऊ व्हायची आणि सगळं सांगून टाकायची. तेवढंच तिचं चुकलं.

होडी कोपराखाली गोंदलेली होती. हिरवट पडलेल्या रेघा, एक शीड आणि शिडावर चार ठिपक्यांचं ठिगळ. खऱ्या शिडाचं ते ठिगळ सरूबाईनेच शिवलं होतं, धाकटा भाऊ धर्मा समुद्रावर निघाला त्याच्या आदल्या दिवशी. धर्मा परत आला नाही. होडीही आली नाही. जाळायलासुद्धा काही मिळालं नाही. पुढच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत सरूबाईने गोंदणारीपुढे हात धरला. "ठिगळ विसरू नको," एवढंच तिला सांगितलं.

चौऱ्याऐंशी साली गावामागच्या बंगल्यात एका हिंदी सिनेमाचं शूटिंग लागलं. आयटीआयमधून वायरमन होऊन मी तिथे दिव्यांच्या कामाला होतो. युनिटच्या जेवणाला मासळी सरूबाईची. मेकअपवाला रामनाथ रोज तिच्याशी गप्पा मारायचा. "मावशी, हात बघू ना," तो एकदा म्हणाला. तिने दाखवला, धर्माचं सगळं सांगितलं, डोळे पुसले. तो ऐकता ऐकता सिगारेटच्या पाकिटावर रेघा ओढत होता.

दोनच दिवसांनी नाचाचं शूटिंग होतं. आठ मुली, अपुरी लुगडी आणि प्रत्येकीच्या बेंबीशेजारी एक होडी. शीड. चार ठिपक्यांचं ठिगळ. सकाळपासून दोन शॉट झालेही होते.

तिसरा चालू असताना सरूबाई टोपली घेऊन आली. क्षणभर बघत राहिली आणि सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बंद कर रं तो बाजा!"

"अरे, हटाओ इसको!" डायरेक्टर ओरडला.

"तूच हट! माझा भाऊस हाय तो. पोरींच्या पोटावर नाचवता त्याला?"

रामनाथ धावत आला. "मावशी, डिझाइन आहे यार फक्त. तुमच्या गावाचं नाव होईल."

"नाव? त्याचं नाव काय? सांगितलं होतं ना तुला? बोल!"

रामनाथ खाली बघायला लागला. नाव त्याला आठवत नव्हतं. ठिगळाचा ठिपका मात्र त्याने एकही चुकवला नव्हता.

"मावशी, तुलापण नाचात घेतो. चल, पुढे उभी राहा," प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला. लोक हसले. सरूबाईने टोपलीतलं लालसर पाणी त्याच्या पांढऱ्या बुटांवर ओतलं. हसणं थांबलं. एव्हाना फाटकात बायका जमल्या होत्या. मासळी कापता कापता उठलेल्या, कोयते हातातच.

मग सरूबाईने रामनाथचं मनगट धरलं आणि त्याच्याच मेकअपच्या पेटीतली खोबरेलाची बाटली त्याच्यापुढे आपटली. "पूस."

"मावशी, हे कसं निघेल?"

"पूस म्हणते ना!"

त्याने कापूस तेलात बुडवून तिच्या हातावर घासला. कातडी लाल झाली, होडी होती तिथेच राहिली.

"निघत नाय ना? त्यांचं निघतं. जा, पूस. तूच काढलंस, तूच पूस."

डायरेक्टरने फाटकाकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. रामनाथ एकेका मुलीपुढे गुडघ्यावर बसून पुसत गेला. चंपा नावाची एक मुलगी मात्र थांबली नाही. पदराने स्वतःच खरवडत ती म्हणाली, "आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, मावशी."

"तुला कोण बोलतंय गो? तू पोटासाठी नाचतेस."

पुढे तो सिनेमा मालाडला लागला. त्यांनी सकाळचे दोन शॉट तसेच ठेवले होते. सरूबाईची सून प्रेमा सिनेमा पाहून गाणं गुणगुणतच घरात शिरली.

"आई, होडी दिसली बरं का! पडदाभर!"

"ठिगळ दिसलं?"

"दिसलं की."

सरूबाईने चुलीवरचं बोंबलाचं कालवण उतरवलं, अंगणात नेऊन मांजरांपुढे ओतलं आणि प्रेमाच्या ताटात कोरडा भात वाढला.