शालननं निवडलेला वॉकीटॉकी

शिरोलीच्या एका फौंड्रीत शालन वाळूच्या मिक्सरचं बटण सांभाळायची. आता झाडू सांभाळते. तिला बटणावरनं झाडूवर आणलं राजवीर साहेबानं. त्याचं नुसतं नाव निघालं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. का जाऊ नये?

मिक्सर म्हणजे खोल लोखंडी हौद, आत फिरती पाती. पूर्वी फिटर आत उतरायचा तो मोटरीचा फ्यूज काढून खिशात घालूनच. म्हणजे बाहेरच्यानं चुकून बटण दाबलं तरी पाती हलणार नाहीत. राजवीर साहेब मॅनेजर होऊन आला आणि त्यानं वॉकीटॉकी आणले, इवलेसे, चकचकीत. म्हणाला, फ्यूज काढण्यात वेळ जातो. आतल्यानं काय ते यावर सांगायचं. कुणी नको म्हणालं नाही तर बाहेरच्यानं भोंगा देऊन खुशाल चालू करायचं. अक्कल बघा माणसाची!

शालनचा धाकटा दीर बुद्धभूषण तिथंच फिटर. एका सकाळी तो पात्याखाली हात घालून बोल्ट सोडवत होता. “वहिनी, थांबा,” असं तो आतनं ओरडत राहिला. पण एवढ्या लोखंडातनं त्या खेळण्याचा आवाज बाहेर येतोय कुठला? शालनला नुसती खरखर ऐकू आली. तिनं नियमाप्रमाणं भोंगा दिला, बटण दाबलं. बुद्धभूषणचा उजवा हात कोपरापासून गेला. चौकशीत साहेब म्हणाला, बटणावरच्या बाईनं घाई केली.

दिराच्या सदऱ्याची रिकामी बाही दुमडून टाचताना शालन रोज मनातल्या मनात साहेबाला त्याच हौदात उतरवायची.

यंदा नवे वॉकीटॉकी घ्यायचे ठरले. मालकानं बजावलं, निवडताना एका कामगाराची सही पाहिजे. शालननं आपणहून नाव दिलं. टेबलावर दोन सेट होते. एक जाडजूड, काळा. दुसरा तोच चकचकीत, फक्त रंग नवा. साहेबानं चकचकीतच उचलला.

“साहेब, हौदात उतरून बोलून दाखवा,” शालन म्हणाली. “सही लगीच मिळंल की.”

मालकासमोर नाही कसं म्हणणार? चकचकीत सेट घेऊन साहेब उतरला. शालननं फ्यूज ओढून काढला, मुठीत धरला. जोडीचा सेट तोंडाजवळ नेऊन ती हळू आवाजात काहीतरी बोलली आणि थांबली. आतनं नुसती खरखर आली. मुठीतला फ्यूज परत बसवावा असं तिला वाटलं. फार वाटलं. बोटं दुखेपर्यंत तिनं मूठ आवळली.

“मालक, कुणी नको म्हणालं न्हाय,” ती म्हणाली. “साहेबांच्या नियमानं आता चालू करायचं, न्हवं?”

आणि तिनं भोंगा दिला.

साहेब आतनं जनावरासारखा ओरडला. शिडीवरनं दोनदा घसरला. काठाशी बुद्धभूषण उभा होता. त्यानं डाव्या हातानं साहेबाची कॉलर धरून त्याला वर ओढलं. साहेबाच्या तोंडात वाळू, पँट ओली. शालननं मूठ उघडून फ्यूज मालकाला दाखवला, आणि जाडजूड सेट हौदात नेऊन बघितला, आवाज स्पष्ट आला तेव्हा त्याच सेटसाठी सही केली.

“फ्यूज काढला होतास तर मला सांगायचं नाही?” साहेब वाळू थुंकत म्हणाला.

“सांगिटलंवतं की साहेब,” शालन म्हणाली. “फ्यूज माझ्या मुठीत हाय, भिऊ नका म्हणून. तुम्ही निवडलेल्या सेटवरच सांगिटलं.”