गायकवाड ताईंची सही

"रडला का?" हा गायकवाड ताईंचा सकाळचा पहिला प्रश्न असे. नमस्कार-चमत्कार काही नाही. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कारखान्यात मोटरवर नजर ठेवणारे बोर्ड बनतात. मोटरने मर्यादेबाहेर करंट ओढला की बझर वाजतो आणि लाल दिवा लागतो. ताई टेस्टिंगला होत्या. प्रत्येक बोर्डाला त्या मुद्दाम जादा लोड देत, बझर स्वतःच्या कानांनी ऐकत आणि मगच रिपोर्टवर सही करत. दहातला एक तपासून बाकीचे सोडून द्यायला त्या कधीच तयार झाल्या नाहीत. "बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर डॉक्टर घरी जातो का? मग मी कशी जाऊ?"

खरं सांगतो, मला त्यांचा वैताग यायचा. मी डिग्री घेऊन नुकताच लागलेला, त्या आयटीआय करून अठरा वर्षं एकाच टेबलावर बसलेल्या. मला त्या नावाने हाक मारत नसत. "ए इंजिनियर, इकडे ये," म्हणाल्या की माझ्या डिझाइनमध्ये काहीतरी सापडलं आहे, हे अख्ख्या कारखान्याला कळायचं. त्यांचं बरोबर असायचं, त्याचाच जास्त राग यायचा.

मुलुंडच्या एका सोसायटीने पाण्याच्या पंपासाठी आमचा बोर्ड घेतला होता. रोज तक्रार यायची: पंप चालू केला की बझर बोंबलतो. मोटर सुरू होताना क्षणभर जादा करंट ओढतेच, त्यात बिघाड काही नसतो. मी दोन बदल केले. जादा करंट काही सेकंद टिकला तरच बझर वाजेल आणि करंट उतरला की बझर, दिवा आपोआप बंद होतील. बोर्ड ताईंच्या टेबलावर गेला. त्यांनी लोड दिला, काढला, पुन्हा दिला.

"पहिलं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं काढ. दिवा लागला की लागलेलाच राहू दे. माणूस येऊन, बघून, बटण दाबेल तेव्हाच विझला पाहिजे."

"ताई, दर वेळी बटण दाबायला पंपरूममध्ये कोण जाणार?"

"ज्याची मोटर आहे तो जाईल! आपण घरी नसताना कोणी येऊन गेलं, तर परत आल्यावर ते कळायला नको का?"

वाद मालकांपर्यंत गेला. सोसायटीचे फोन त्यांनाच यायचे, त्यामुळे तेही कावलेले. "त्या नाही करत ना? मग सही तू कर. इंजिनियर आहेस ना?" मी केली. सुटलो एकदाचा, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आपला मीटर, चष्मा आणि डबा पिशवीत भरला. मालकांना एवढंच म्हणाल्या, "माझ्या सहीशिवाय माल जातोय ना? मग मी इथे काय करू?" त्यांना कोणी अडवलं नाही. मीही नाही.

काही महिन्यांनी त्या पंपाची वायर जळाली. पंप मधूनमधून अडकत होता. दर वेळी बझर वाजे, वॉचमन गेटवरून पंपरूमपर्यंत येईस्तोवर पंप सुटलेला आणि दिवा विझलेला असे. सात-आठ वेळा हेलपाटे घातल्यावर त्याने ठरवलं की बोर्डच खराब आहे, आणि जाणं सोडून दिलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच ठरवलं असतं.

मी भांडुपला ताईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "वॉचमनला काही झालं नाही ना?"

"नाही."

"मग बस. चहा घेशील ना?"

चहा होईपर्यंत त्यांनी माझ्याकडून कागदावर नवं सर्किट काढून घेतलं. आता दिवा बटण दाबेपर्यंत लागून राहत होता. त्यांनी कागद फिरवून पाहिला आणि पेनाची मागची बाजू एका ठिकाणी टेकवली. "आणि लाइट जाऊन परत आली तर? तुझा दिवा सगळं विसरणार रे." मला ते सुचलंच नव्हतं. त्यांनी रागवायला हवं होतं. मी तेवढ्यासाठीच गेलो होतो.

"ताई, परत या ना. मी मालकांशी बोलतो."

त्यांनी कप उचलून ओट्यावर ठेवले. "येऊन काय करू? आता जळालं म्हणून तू आलास. पुढच्या वेळी मी नाही म्हटलं तर काही जळायच्या आधी ऐकशील?"

ऐकेन, असं लगेच म्हणायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर मालकांचा चेहरा आला, कानात सोसायटीचे फोन वाजले आणि तेवढ्यात उशीर झाला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नळ सोडून कप धुवायला घेतले.