काचेआडचा दगड

भंडाऱ्याच्या हॉस्टेलमध्ये आम्ही तिघी दोन वर्षं एकाच खोलीत राहिलो. तिथे कोणाला नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती, गावाने मारायचे. मी आंधळगावची. आमच्या घरी माग, कोशाचं रेशमी कापड विणणं हाच धंदा. दुसरी अड्याळची, धानवाल्या शेतकऱ्याची. तिसरी चिखल्याची. आपले वडील मँगनीजच्या खाणीच्या ऑफिसात बाबू आहेत, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि का कोण जाणे, खिडकीजवळचा पलंग आम्ही तिला देऊन टाकला होता.

शिक्षण झालं, लग्नं झाली, पंचवीसेक वर्षं गेली. नागपूरला आम्ही तिघीही कितीदा गेलो असू, पण दवाखान्यात, नाहीतर बस्ता बांधायला. गेल्या हिवाळ्यात अड्याळचीचे धान चुरून, मळणी आटोपून झाले आणि तिचा फोन आला.

"चाल वो, एक दिवस नागपूर पाहून येऊ. काम काही नाही. नुसतं पाहाचं."

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर भेटून आम्ही सकाळची एसटी पकडली. धानाच्या रिकाम्या बांध्यांवर धुकं होतं. खिडकीच्या काचेला डोकं टेकून मी अर्धी झोपेत, अर्धी त्या दोघींच्या बोलण्यात होते. कोणाकडे पोचायचं नाही, कोणासाठी काही न्यायचं नाही, या विचाराने अंगातलं वजनच कमी झाल्यासारखं वाटत होतं.

नागपुरात आधी आम्ही मेट्रोत बसलो. कुठे जायचं म्हणून नाही, बसायचं म्हणून. डबा जवळजवळ रिकामा होता. खाली गच्च्या, वाळत घातलेल्या चादरी, कडुनिंबाचे शेंडे हळूहळू मागे जात होते. एका गच्चीवर एक म्हातारी ऊन घेत बसली होती, ती आमच्याकडे पाहून हसली असं मला वाटलं. एवढ्या उंचावरून ते कसं दिसेल? पण अड्याळची म्हणाली, "मलेबी दिसली." शेवटचं स्टेशन आलं तरी आम्ही उतरलो नाही, तशाच परत आलो.

मग संग्रहालय. उंच छताच्या खोल्या, वरून येणारा फिकट उजेड, आणि आपल्याच चपलांचा आवाज. भुसा भरलेला वाघ पाहिला, झिजलेली नाणी पाहिली. एका दगडी मूर्तीचं नाक गेलं होतं, पण चेहरा इतका शांत होता की आम्हीही कुजबुजत बोलायला लागलो. एका जुन्या वस्त्राच्या काठापाशी मी फार वेळ थांबले. धागा कुठे तुटला आणि कुठे जोडला, ते मला काचेतूनही कळत होतं. तो कोणी जोडला असेल, या विचारात मी इतकी हरवले की दोघी पुढे निघून गेलेल्या मला कळलंच नाही.

दोघी मला दगडांच्या दालनात सापडल्या. चिखल्याची एका काचेच्या पेटीसमोर उभी होती. आत वीतभर लांबीचा काळा दगड, खाली चिठ्ठी: मँगनीज, जिल्हा भंडारा. तिने काचेवर हात ठेवला होता.

"हात नका लावू, बाई," खुर्चीवर बसलेला पहारेकरी हळूच म्हणाला.

तिने हात काढला, पण हलली नाही. मग आमच्याकडे न पाहता म्हणाली, "माझे बाबा बाबू नव्हते. खाली उतरत होते, खाणीत. असे दगड काढत होते."

ती बोलतच राहिली. "घरी येत तं नखं काळी, कानामागं काळं. मले लाज वाटे. तुम्हाले खोटं सांगितलं, मंग सांगतच गेली. ते एकदा हॉस्टेलले आले होते तं मी त्यायले गेटवरूनच वापस पाठवलं. सीताफळं घेऊन आले होते. तुम्हाले म्हटलं, गावचा माणूस आहे."

"मले माहीत होतं," अड्याळची म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"तू आत गेली ना, तं मी बाहेरून येऊन राहिली होती. त्यायनं मले इचारलं, माझी पोरगी बरोबर जेवते का? मी म्हटलं, जेवते. मंग गेले ते."

"काहून नाही सांगितलं मले?"

"तुले सांगाचं असतं तं तूच सांगितलं असतं."

चिखल्याची रडली नाही. पदराने काचेवरचा आपल्या हाताचा ठसा पुसला आणि बाहेर गेली. पायऱ्यांवर ऊन पडलं होतं, तिथे बसून तिने माहेरी फोन लावला. वडील आता फार थकले होते, ऐकू कमी येत होतं, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं.

"बाबा, मी नागपूरले आहो. इथं आपल्याकडचा दगड काचेत ठेवला आहे."

पलीकडून त्यांचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "चमकते का?"

"हो, चमकते."

"तं खालचा असन. वरचा इतका नाही चमकत."

ती हो, हो म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसली, आणि आम्हीही तिच्या दोन बाजूंना बसलो. समोरच्या झाडाची सावली पहिल्या पायरीवरून दुसरीवर आली. संध्याकाळी तलावाच्या काठावर आम्ही भाजलेली कणसं खाल्ली. पाणी आधी पिवळं, मग राखाडी झालं. तिघींना दिवस कमी पडला होता.

होळीनंतर तिने आम्हाला चिखल्याला बोलावलं. तिचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. अड्याळचीला त्यांनी ओळखलं नाही, पण आम्ही खाणीबद्दल विचारलं तसे ते खाली उतरून मातीत बसले आणि काडीने रेघा ओढायला लागले. माणसं उतरवणारा पाळणा इथून खाली जाते, इथं वळण, इथं पाणी झिरपते. बाहेर कडक ऊन होतं आणि त्या रेघांकडे पाहता पाहता मला अंगणाखाली खरंच गार, ओल्या वाटा आहेत असं वाटायला लागलं. चहा निवून गेला.

चिखल्याची त्यांच्याजवळ येऊन मातीतच बसली. साडीचं भान तिला नव्हतं. वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "बाबा, तिथं अंधारात तुम्ही जेवत कुठं होते?"

त्यांनी थोडा विचार केला आणि एका वळणापाशी काडीने छोटा गोल काढला.

"इथं," ते म्हणाले.