एल्माने धुतलेली तेजोमेघाची प्लेट

एल्मा ट्रेव्हॉरोने ऑस्ट्रेलियातल्या कूनाबाराब्रन गावी औषधांच्या दुकानात अठरा वर्षं लोकांच्या लग्नांचे फोटो धुतले. नवरा वारल्यावर ती डोंगरावरच्या आमच्या वेधशाळेत आली आणि दुर्बिणीतून फोटो टिपणाऱ्या काचेच्या प्लेटा धुऊ लागली. मी तिथे घुमट फिरवणाऱ्या मोटारी सांभाळायचो.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कीथ लिंडमन कॅरिना तेजोमेघ आणि त्यातल्या कोवळ्या ताऱ्यांच्या पुंजक्याचा फोटो घ्यायला आला. पाच रात्री ढगांनी खाल्ल्या. सहावी, शेवटची, तेवढी मोकळी मिळाली. प्लेट एकच.

सकाळी सातला एल्मा ती धुवायला काळोख्या खोलीत घेऊन गेली. मेघाचा लाल उजेड टिपणारी प्लेट, त्यामुळे खोलीत तांबडा दिवासुद्धा चालायचा नाही. मिट्ट काळोखात पाच मिनिटं रसायनाचा ट्रे हलवायचा. सेकंद ती मोठ्याने मोजायची. आम्ही दोघं दाराला कान लावून उभे.

"एकशे बारा, एकशे तेरा..."

आवाज थांबला.

"एल्मा?" कीथने हाक मारली.

"दार उघडू नका! एप्रनमधून काहीतरी काखेत शिरलंय. चालतंय."

आदल्याच आठवड्यात मी तिथल्या मोरीखाली विषारी लालपाठी कोळी मारला होता. कीथला ते ठाऊक होतं. त्याचा चेहरा उतरला.

"लाइट लाव, एल्मा! खड्ड्यात गेली प्लेट!"

"गप रे! आकडा चुकवशील. एकशे एकवीस..."

एकशे साठला ती कळवळली. "चावला मेला!" आणि लगेच, "एकशे एकसष्ट."

आवाज कापत होता; ट्रेमधलं रसायन मात्र एका लयीत डुचमळत होतं. माझा हात कडीवर गेला, तो कीथने घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच दारावर मूठ आपटली.

तीनशे झाले. तरी तिने प्लेट पक्की होईपर्यंत आणखी तीन मिनिटं घेतली.

दार उघडलं तेव्हा ती घामाने निथळत होती. चिरडलेला लालपाठी एप्रनला चिकटला होता. मी गाडी काढली. उतारावर ती दोनदा ओकली. इस्पितळात इंजेक्शन दिलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

तिसऱ्या दिवशी कीथ फोटो घेऊन आला. मेघातल्या काळ्या भेगा, पुंजक्यातला एकेक तारा सुटा. एल्माने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"बरी आलीय," ती म्हणाली.

पुढे अकरा वर्षं ती डोंगरावर होती. काळोख्या खोलीत शिरताना आम्हाला मात्र लांब पिटाळायची. "कोळ्याचं काही नाही रे," म्हणायची, "त्या दिवशी तुमच्या घाबरण्याने माझ्या हाताची लय चुकली असती."