विभागप्रमुखांच्या मनगटावरची काठी

कॅन्टीनमध्ये कुजबुज अशी होती: परदेशातून आलेल्या विजेच्या प्राध्यापकांनी निवड समितीसमोर विभागप्रमुखांना काठीने बडवलं, आणि धसका खाऊन प्रमुखांनीच त्यांना नोकरीत कायम करून टाकलं. ग्रंथपालबाई हे सांगताना दर वेळी एक फटका वाढवत. शेवटी आकडा अकरावर गेला होता.

वास्तविक प्राध्यापक डास मारतानाही त्याची माफी मागणारे. या मुलखात सहा वर्षं काढली, पण पोस्टमनने बेल दाबली तरी आधी राहण्याचा परवाना हातात घेऊन दार उघडायचे. नोकरी कायम झाली नाही, तर बायको-मुलीसह साठ दिवसांत देश सोडायचा, असं त्यांच्या परवान्यावर छापलं होतं.

समिती येणार त्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, शर्ट उलटा घातलाय."

"असू दे."

"आणि बूटही दोन जोड्यांतले?"

प्रयोगशाळेत जाळीच्या कुंपणाआड कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबे, माणसाच्या उंचीने उभे होते. त्यांचा स्वभाव मोठा दगाबाज. पुरवठा तोडला, लांब दांड्याच्या अर्थिंगच्या काठीने साठा जमिनीत उतरवला, तरी पोटात दडलेली वीज हळूहळू पुन्हा टोकावर चढते. म्हणून शेवटी दोन टोकांना तांब्याची वायर जोडून ठेवायची. प्राध्यापक हे विद्यार्थ्यांकडून घोकून घेत.

प्रयोग झाला. काठी लावली, ठिणगी उडाली, समितीने माना डोलावल्या. मग वीस मिनिटं प्रश्न. सगळे कुंपणाच्या आत आले.

"हे बघा, या इथे..." म्हणत प्रमुखांनी डब्याच्या टोकाकडे हात नेला, आणि प्राध्यापकांना ती वायर दिसली. भिंतीवरच्या खुंटीला लटकलेली.

ओरडायला वेळ नव्हता. काठी हातात होती, ती सणकन प्रमुखांच्या मनगटावर बसली.

"आई गं!" ही आरोळी पार बाहेरच्या व्हरांड्यात गेली आणि तिथून कॅन्टीनमध्ये.

प्राध्यापकांनी काठी टोकाला टेकवली. ताडकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली.

"अहो, जीव वाचवलात माझा!" मनगट चोळत प्रमुख म्हणाले. समितीच्या अध्यक्षबाई तर टाळ्याच वाजवू लागल्या. दोष यंत्राचा, असंच सगळे समजले.

सगळे गेल्यावर अपघातनोंदीची वही समोर आली. 'कारण' हा रकाना कोरा. प्राध्यापकांनी घरी फोन लावून वायरचं सांगितलं.

"कोणाला कळलंय का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग यंत्रावर ढकला की. त्याला कुठे परवाना लागतो!"

"अगं, उद्या दुसरं कोणी विसरलं, तर त्याला कोणत्या तोंडाने बोलू?"

"लिहा," ती म्हणाली. "मुलीच्या शाळेचा दाखला कपाटातून काढून ठेवते."

प्राध्यापकांनी पेनचं टोपण काढलं.

काठी एकदाच लागली होती. वायर जोडायला प्राध्यापक स्वतः विसरले होते, आणि तसंच त्यांनी वहीत लिहिलं. समितीने त्यांचा निर्णय एक वर्ष लांबणीवर टाकला, तोवर परवानाही चालू राहिला, आणि नंतर त्यांना कायम केलं.