मुलाण्याचा अंगठा

पिरंगुटच्या आसपासच्या वाड्यांत बाबालाल मुलाण्याच्या सुरीशिवाय बोकड पडत नसे. नवस म्हसोबाचा, बोकड मराठ्याचा, खाणारं सगळं गाव. पण अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायची ती मुलाण्यानंच. त्याशिवाय कुणी घासाला शिवायचं नाही. बाबालालचा आजा हेच करत आला, बापही. आपल्या हातावर गाव जेवतं याचा बाबालालला भारी अभिमान, आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

ऐंशीनंतर पिरंगुटला कोंबडीचं मटण डब्यांत भरून आखाती मुलखात धाडणारा कारखाना निघाला. तिकडं माल जायचा तर हलालचा दाखला हवा. पुण्याहून मौलाना आले. त्यांनी बाबालालच्या सुरीची धार नखावर पाहिली, त्याला चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मी काही रोज येणार नाही. तुम्ही सांगाल त्यावर माझा शिक्का."

त्या दिवसापासून बाबालाल कारखान्यात उभा राहू लागला. एकेका कोंबडीवर नाव घ्यायचं, सुरी फिरवायची, मोजणीच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. संध्याकाळी चिंचोके मोजले की सुपरवायझर कागदावर आकडा लिही आणि बाबालाल खाली अंगठा उठवी. सुपरवायझर म्हणजे गावातल्या धोंडाबाईचा जयसिंग. लहानपणी याच बाबालालच्या खांद्यावर बसून त्यानं जत्रा पाहिलेली.

एका वैशाखात कोंबड्यांचा टेंपो भर उन्हात वाटेत बंद पडला. कारखान्यात पोचेपर्यंत साठ कोंबड्या मेल्या. मेलेल्या जिवावर नाव घेता येत नाही, ते हरामच. बाबालालनं त्या बाजूला काढल्या. दुपारी पाहतो तर त्याही सोलून डब्यांत गेलेल्या. चिंचोके भरले दोनशे चाळीस, आणि जयसिंगनं लिहिले तीनशे.

"चाचा, मुंबईला बोट हुबी हाय. माल कमी गेला तर मालक मला घरी बसवंल. येक डाव अंगठा द्या. कुनाला कळनार हाय?"

"मला कळंल की रं."

"बायकूला सातवा लागलाय, चाचा." जयसिंगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

बाबालालनं अंगठा दिला. चुकलंच त्याचं, मी त्याची बाजू घेणार नाही. पण खांद्यावर खेळवलेलं पोर समोर रडत असताना किती जणांचा अंगठा मागं राहिला असता, कोण जाणे.

झालं काहीच नाही. बोट गेली, जयसिंगची नोकरी राहिली, त्याला मुलगाही झाला. मग एके दिवशी बाबालालच्या भाच्याचं कुवेतहून पत्र आलं. पोस्टमन कुशाबानं ओट्यावर बसून ते वाचून दाखवलं. 'मामू, इथल्या दुकानात पिरंगुटचा डबा मिळाला. ईदला आणला. खोलीतल्या पोरांना सांगितलं, माझ्या मामूचा हात आहे, डोळे झाकून खा.'

"नशीबवान हायेस लेका," कुशाबा म्हणाला.

बाबालालनं पत्र पुन्हा वाचायला लावलं. तो डबा त्या साठांतला होता की नव्हता, हे कळायला काही मार्गच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्यात गेला नाही. बायकोला सांगितलं, अंगात कणकण हाय. ती कणकण काही गेली नाही.

चैत्रात जत्रा आली. धोंडाबाई नातवाच्या नवसाचा बोकड हळदकुंकू लावून घेऊन आली. मागं जयसिंग, कडेवर लेकरू. बाबालाल आला तो रिकाम्या हातानं.

"मुलाणीभाऊ, सुरी कुटं हाय?"

"वैनी, ते नाव घ्यायला माजं तोंड ऱ्हायलं न्हाई. दुसरं कुनी बघा."

"म्हंजी? झालं तरी काय?"

बाबालालनं जयसिंगकडे पाहिलंसुद्धा नाही. "काय न्हाई," म्हणाला आणि खाली बसला. ज्याच्यासाठी अंगठा दिला त्याचं नाव आता घेऊन काय करायचं? जयसिंगला सगळं कळलं होतं. त्यानं लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

दुसऱ्याच्या हातचं गाव खाईना, त्यामुळे बोकड जिवंतच परत निघाला. धोंडाबाई वाटभर मुलाणी माजला म्हणून शिव्या देत होती, आणि जयसिंग लेकराला घेऊन मुकाट तिच्या मागून चालला होता.